मुनेश्वर सरांचा दगड

मला धबधबे आवडत नाहीत. हे वाक्य आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोठ्यानं बोलायची सोय नाही. पावसाळा भरात आला की थेट हैदराबादेपासून गाड्या येतात, नेरडीगोंड्याला हायवे सोडून आत वळतात आणि कुंताला धबधब्याच्या पायऱ्यांवर मुंगीला वाट मिळत नाही. भाजलेली कणसं, गरम भजी, उंच धरलेले मोबाइल. कडम नदी समोर पायऱ्यापायऱ्यांच्या कातळावरून कोसळत असते आणि लोक तिच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत असतात. सगळे खूश असतात. मीच एकटा तोंड वाकडं करून बसतो. कोणी विचारलं तर गुडघ्यांचं कारण सांगतो. ते खोटं नाही, पण खरं कारण मुनेश्वर सर आहेत.

तामसीकडच्या आमच्या मराठी शाळेत सर भूगोल शिकवायचे आणि मी मराठी. मी जैनथकडचा, घरी कापूस-ज्वारीची शेती. सरांचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. बुद्धविहाराच्या ओट्यावर कंदिलाजवळ बसून त्यांनी अभ्यास केला होता आणि त्यांच्या खानदानात नोकरीचा पगार घेणारा तो पहिला माणूस. बुटके, काळेसावळे, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. उजवा खिसा नेहमी लोंबलेला, कारण त्यात एखादा गोटा असायचाच. रस्त्यानं चालताना मध्येच थांबायचे, वाकायचे, गोटा उचलून कपाळाजवळ नेऊन बघायचे आणि खिशात टाकायचे. त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं होतं, "सर, दुसऱ्याच्या नवऱ्याच्या खिशात चिल्लर सापडते. माह्या नशिबी खडी."

मला ते 'भाषावाले' म्हणायचे. भाषा म्हणजे ऐकीव माल, असं त्यांचं माझ्या विषयाबद्दलचं मत होतं. त्यांचा सगळा विषय, सगळा स्वभाव एका प्रश्नात मावत होता. "डोयानं पाह्यलं का?" पोरगं म्हणालं की सर, पैनगंगेला पूर आला, तर विचारायचे, "डोयानं पाह्यलं का?" शिपाई म्हणाला की मोठे साहेब आले, तरी तेच. पाहिलं असेल तर पुढं बोला, नसेल तर बसा. आम्ही शिक्षकखोलीत त्यांच्यामागे याची नक्कल करायचो. मी सर्वांत चांगली करायचो.

एकदा दुपारी मी डबा उघडला आणि भाकरी मोडणार तोच सरांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "थांबा भाषावाले. तुमाले धबधबा दाखवतो." भाकरीचा पापुद्रा वर धरून त्यांनी खालचा मऊ भाग बोटानं कोरायला सुरुवात केली. "हा वरचा टणक कातळ. हा खालचा ठिसूळ. पाणी वरच्याले हात लावत नाई. खालून खाते. खाते, खाते..." पापुद्रा अधांतरी राहिला, थरथरला आणि तुटून वरणात पडला. "पाह्यलं? असा धबधबा मांगं सरकते. लोकं म्हणते पाणी खाली पडते. पाणी खाली पडत नाई नुसतं, थे मांगं मांगं चालून राह्यलं."

"आणि माझं जेवण?" मी विचारलं.

"खा ना. भूगोल खाल्ल्यानं मरत नाई कोणी."

हे वाक्य त्यांनी हसत म्हटलं होतं. मला ते नंतर फार वेळा आठवलं.

कुंताला मागे सरकतो आहे हे सरांना स्वतः मोजून पाहायचं होतं. त्यासाठी धबधब्याच्या माथ्यावर, काठापासून आत, त्यांनी ऑइलपेंटनं एक पांढरी रेघ मारून ठेवली होती. दर महाशिवरात्रीला ते रेघेपासून काठापर्यंतचं अंतर सुतळीनं मोजत. शिवरात्रच का, तर त्या वेळी पाणी बरंच कमी झालेलं असतं. कातळातली सोमेश्वर महादेवाची गुहा कोरडी होते, हजारो माणसं दर्शनाला उतरतात, जत्रा भरते. सर बौद्ध. देवाला हात जोडायचे नाहीत. पण जत्रेला एकही वर्ष चुकले नाहीत. आम्ही रांगेत उभे राहायचो तेव्हा ते वर माथ्यावर पोटावर आडवे झालेले असायचे. "तुमी देवाचं पाहा," म्हणायचे, "मी दगडाचं पाहून येतो." कित्येक वर्षं मोजून धबधबा बोटभरही सरकला नाही. सर दर वर्षी वहीत तोच आकडा लिहीत आणि त्याखाली दोन शब्द : स्वतः पाहिले.

नावाचंही तसंच. कोणी सांगे की शकुंतलेवरून कुंताला पडलं, दुष्यंताची भेट इथंच झाली. कोणी सांगे तेलुगूत कुंटा म्हणजे पाण्याचं डबकं, अशी डबकी खूप म्हणून ते नाव. मुलांनी विचारलं की सर दोन्ही सांगत आणि म्हणत, "मी दोनी वेळेस तिथं नव्हतो. आपल्याले हे ठाऊक नाई, असं लिहा." एका मुलानं परीक्षेत खरंच तसं लिहिलं. सरांनी त्याला पूर्ण गुण दिले. ते गुण कमी करा म्हणून आमचे हेडमास्तर आठवडाभर त्यांच्याशी भांडत होते.

अशा माणसाच्या हातून ती चूक झाली.

नववीची सहल दर वर्षी संक्रांतीच्या आधी कुंतालाला जायची. आधी पोचेरा. तिथं कडम नदी छोटी उडी घेते. मग कुंताला, तिथं मोठी. पावसाळ्यात आमच्याकडचे ओढे रस्त्यावर येतात, बस मिळत नाही, त्यामुळे सहल नेहमी थंडीतच. खाली डोहाच्या कडेला एक सपाट, रुंद दगड आहे. खाटेएवढा असेल. पाण्यापासून माझ्या कमरेइतका उंच. सर वर्गाला तिथं आळीपाळीनं उभं करत, कारण कातळाचे थर, खाली खाल्लेली कपार आणि पडतं पाणी असं सगळं एका नजरेत फक्त तिथूनच दिसतं. मुलं त्याला 'सरांचा दगड' म्हणायची. गेलेल्या प्रत्येक वर्गाचा त्या दगडावरचा फोटो शाळेत लावलेला होता.

त्या वर्षीच्या वर्गात प्रणिता होती. गयाबाईची मुलगी. गयाबाई आमच्या शाळेच्या गावातल्याच, नवरा लवकर गेलेला, मुलगी एकच. प्रणिता हुशार होती, आणि त्याहून वाईट म्हणजे धीट होती. सर दगडावर उभे राहून सांगत होते, "इथं बिनधास्त उभं राहाचं. ह्या दगडावर पाणी येत नाई."

प्रणितानं हात वर केला. "सर, पावसाळ्यात बी नाई?"

"नाई."

"डोयानं पाह्यलं का सर?"

सगळा वर्ग हसून लोटपोट झाला. मीही हसलो. सरांना त्यांच्याच शब्दांत उत्तर मिळालं म्हणून मला तर फारच मजा वाटली. सर जरा गोरेमोरे झाले. मग वाकून त्यांनी दगडावरून हात फिरवला. "हे पाहा. शेवाळ हाय का? नाई. पाणी इथवर येत असतं तर शेवाळ राह्यलं असतं. दगड खोटं बोलत नाई." प्रणितानं मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं.

शेवाळ थंडीपर्यंत सुकून जातं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी उरलंसुरलंही निघून जातं, हे सरांना कळायला हवं होतं. कळलंही असतं, थोडं थांबून विचार केला असता तर. पण वर्ग हसत होता. आणि त्या सगळ्या वर्षांत सर एकदाही पावसाळ्यात कुंतालाला गेले नव्हते. शिवरात्र आणि संक्रांत. कोरड्या दिवसांचीच मोजमापं त्यांच्याकडे होती.

प्रणिता पुढं शिकली, डी.एड. केलं, आदिलाबादला एका शाळेत लागली. विषय भूगोल. लग्न झालं. शाळेत येऊन सरांना पेढे देऊन गेली. सरांनी तिला खिशातला गोटा काढून दिला. तो गोटा तिनं किती जपून पर्समध्ये ठेवला ते मी पाहिलं.

पुढच्या भादव्यात एका रविवारी ती नवऱ्याला आणि नणंदेला कुंताला दाखवायला घेऊन गेली. ऊन पडलं होतं. दगड पाण्याच्या बाहेर होता. वर बोथकडच्या रानात सकाळी पाऊस झाला होता हे खाली कोणाला ठाऊक नव्हतं. ती दगडावर उभी राहून दोघांना थर दाखवत होती. पाणी आलं ते वरून आलं नाही म्हणे, डोहच्या डोह फुगला. नवरा आणि नणंद काठाला होते. ते वाचले.

तेराव्याला मी आणि सर तिच्या सासरी गेलो. ओसरीत माणसं बसली होती. तिचा नवरा भिंतीला टेकून सगळ्यांना तेच तेच सांगत होता. "म्या म्हटलं, खाली उतर, पाणी वाढून राह्यलं. तर मले म्हणते, अहो, हा आमच्या सरांचा दगड हाय. हेच्यावर पाणी येत नाई. सरांनी सांगतलं." त्या पोराला ठाऊक नव्हतं की ते सर त्याच्यासमोर सतरंजीवर बसले आहेत. आतल्या दारात गयाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

सर उठायला लागले. काय बोलणार होते ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी त्यांच्या शर्टाचं टोक धरून त्यांना खाली खेचलं. भर दुःखात हा माणूस आता काय करणार, लोक मारतील याला, असं माझ्या मनात आलं. मी त्यांचं भलं करतोय असंच मला वाटत होतं. सर बसले. परत येताना बसमध्ये ते एकदाच बोलले.

"काऊन खेचलं मले?"

मी खिडकीची काच वर-खाली करत बसलो.

पुढच्या रविवारी ते माझ्या दारात उभे. "चाला. पाहा लागते." आम्ही गेलो. गुडघे दाबत मी मागून उतरलो. खाली पोचलो तर दगड नव्हताच. म्हणजे जागा ठाऊक होती, शेजारची कपार ओळखू येत होती, पण दगडाच्या जागी नुसतं तांबूस फेसाळ पाणी गरगरत होतं. सर छत्री मिटून उभे राहिले. अंगावर तुषार उडत होते, पोरं शिट्ट्या वाजवत होती, कोणाचं तरी बाळ आनंदानं किंचाळत होतं. सर किती वेळ बघत होते मी मोजलं नाही. मग म्हणाले, "कमरेच्या वर पाणी हाय भाषावाले. हे मी इतकी वर्सं पाह्यलंच नाई. आन् म्या सांगतलं."

"सर, पाणी कोणाच्या हातात..."

"पाण्याचं नाई बोलून राह्यलो मी."

त्या शिवरात्रीला ते माथ्यावर गेले नाहीत. सुतळी आणलीच नव्हती. खाली उतरून त्यांनी दगडाशेजारच्या कपारीवर, पाणी चढलं होतं तिथं, लाल रंगाची जाड रेघ मारली आणि तेलुगू, हिंदी, मराठीत लिहिलं की पाणी इथपर्यंत येतं. पुजाऱ्यानं हरकत घेतली, वनखात्याच्या माणसानं घेतली. सरांनी दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि तिसरी ओळ पूर्ण केली. शाळेतले फोटोही त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून उतरवले.

मग रिटायर झाले, आणि पावसाळ्याचा प्रत्येक रविवार कुंतालाला जायला लागला. तामसीहून पहिली बस आदिलाबादला, तिथून दुसरी नेरडीगोंड्याला, पुढं ऑटो. पायऱ्यांच्या अगदी शेवटी एका खडकावर पोतं टाकून बसायचे. गळ्यात पी.टी.ची शिट्टी. कोणी दगडाकडे निघालं की शिट्टी फुंकायचे, हात हलवायचे. "लोपलिकी वेळ्ळकंडी! अंदर मत जाव! आत नका जाऊ!" पाण्याच्या आवाजात शिट्टी धड ऐकू जायची नाही. मग उठून स्वतः जायचे. हैदराबादची पोरं म्हणायची, "अंकल, एकही फोटो!" एकानं विचारलं, "आप सरकारी आदमी है क्या?" सर म्हणाले, "नहीं." मास्तर आहे हे त्यांनी तिथं कोणालाही कधी सांगितलं नाही. संध्याकाळी वहीत लिहायचे : दगड उघडा, किंवा दगड पाण्याखाली. स्वतः पाहिले.

मी अधूनमधून सोबत जायचो. शर्ट खेचल्याची परतफेड म्हणा. सर गयाबाईंच्या घरावरून मात्र जायचे नाहीत. गावात असूनही लांबच्या बोळातून बस गाठायचे. मी एकदा म्हटलं, "मी सांगू का त्यांना?" तर म्हणाले, "तुमी काय सांगसान? ऐकीव?"

अशा दुसऱ्या पावसाळ्यात, एका रविवारी, पायऱ्यांवरून गयाबाई उतरताना दिसल्या. एकट्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी, प्रत्येक पायरीला दोन्ही पाय टेकवत. त्यांनी आयुष्यात कुंताला पाहिला नव्हता. इथले किती तरी लोक पाहत नाहीत. पाहायचा तो बाहेरच्यांनी. त्या सरळ सरांपाशी आल्या.

"गुरुजी, कोन्ता गोटा?"

सर उभे राहिले. "दिसून नाई राह्यला बाई. पाण्याखाली हाय." त्यांनी बोटानं जागा दाखवली. गयाबाई पाहत राहिल्या. मी जरा बाजूला सरकलो, पण ऐकू येत होतं. मला खोटं सांगायचं नाही, मी ऐकायलाच थांबलो होतो.

"बाई," सर म्हणाले, "मले तुमाले एक सांगाचं हाय. तेराव्यालेच सांगाचं व्हतं. प्रणितानं मले इचारलं व्हतं. नववीत. सर, पावसाळ्यात पाह्यलं का म्हणून. म्या पाह्यलं नव्हतं. तरी सांगतलं, पाणी येत नाई. माही चूक हाय. तिची नाई, कोणाचीच नाई. माही."

गयाबाई खडकावर, सरांच्या पोत्यावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "सहलीहून आली त्याच दिसी सांगे मले. हासून हासून सांगे. म्हणे, आई, आज सरांले पकडलं म्या. सरांनी पाह्यलं नाई, तरी सांगतलं."

सरांचा चेहरा मला पाहवेना.

"पाह्यलं नाई हे मालूम असून," गयाबाई म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर उभी राह्यली पोरगी."

मी वाट पाहत होतो की त्या आता तरी म्हणतील, जाऊ द्या गुरुजी, तिचं नशीब. आपल्याकडे म्हणतात तसं. त्या म्हणाल्या नाहीत. सरांना शिव्याही दिल्या नाहीत. पदरानं तोंडावरचे तुषार पुसून त्या उठल्या.

"मंग आता पाहा," त्या म्हणाल्या. "जवर होते तवर पाहा, गुरुजी. न पाहता सांगू नोका कोणाले."

"हो," सर म्हणाले.

पिशवीतून गयाबाईंनी फडक्यात बांधलेला गोटा काढला, सरांनी प्रणिताला दिलेला, आणि डोहात टाकायचं मनात असावं, पण टाकला नाही. पुन्हा पिशवीत ठेवला. मी त्यांना वरपर्यंत सोडायला गेलो. पायऱ्या चढताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं की परतीची बस किती वाजता आहे.

त्यानंतर सर तीन पावसाळे बसले. एकही रविवार चुकवला नाही. किती लोक त्यांनी दगडावरून परत बोलावले याची मोजदाद त्यांनी ठेवली नव्हती, आणि मी अंदाजानं एखादा आकडा सांगितला असता तर मला ठाऊक आहे त्यांनी काय विचारलं असतं.

शेवटच्या वर्षी त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी चढउतार बंद सांगितली. मी त्यांना शेवटचं पाहिलं तो भादव्यातला रविवार. वर, पहिल्या पायरीपाशी, कणसं भाजणाऱ्या बाईच्या स्टुलावर ते बसले होते. गळ्यात शिट्टी, मांडीवर वही, खिसा तसाच लोंबलेला. खालून वर येणाऱ्या एकेकाला अडवून विचारत होते, "बाबू, थो सपाट दगड दिसला का? पाण्याच्या भाईर हाय का अंदर?" कोणी हो म्हणायचं, कोणी नाही, बहुतेकांना कळायचंच नाही हा म्हातारा काय विचारतोय.

मला राहवलं नाही. "थांबा सर, मी पाहून येतो." त्या सगळ्या पायऱ्या मी, दोन्ही गुडघ्यांना शिव्या घालत, उतरलो. दगड पाण्याखाली होता. लाल रेघेच्या टीचभर खाली पाणी. दगडाकडे निघालेल्या दोन पोरांना ओरडून परत काढलं आणि धापा टाकत वर आलो.

"पाण्याखाली आहे सर. डोळ्यानं पाह्यलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान हलवली. मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभे राहिले. मग वही उघडून, भिंतीला टेकून, त्यांनी सावकाश एक ओळ लिहिली.

दिवाळीनंतर सर गेले. वही त्यांच्या बायकोनं मला दिली. शिट्टी आणि गोटे त्यांनी ठेवून घेतले. वहीतलं शेवटचं पान त्या रविवारचं आहे. मला वाटलं होतं की माझं नाव असेल, किंवा निदान, दगड पाण्याखाली, असं असेल. तिथं त्यांच्या तिरप्या अक्षरात एवढंच लिहिलंय : पायऱ्या उतरता आल्या नाहीत. पाहिले नाही.